घरी क्लच उतरवताना फ्लायव्हीलचा निर्णय कसा घ्यावा

केज तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे आडव्या इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी डिझेल हॅचबॅक असून ती सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे चालली आहे. मांजरसुंबा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा वर सरकतो, परंतु गाडी त्या प्रमाणात ओढत नाही. गॅरेजमध्ये त्यांना क्लचच्या संचाबरोबर फ्लायव्हीलही, म्हणजे क्लच ज्यावर आवळला जातो ती इंजिनाची जड चकतीही, बदलावे लागेल असे सांगण्यात आले आहे. ते आणि त्यांचे धाकटे बंधू ट्रॅक्टरची व विहिरीवरच्या मोटारीची बहुतेक कामे स्वतःच करतात. घरी चेन पुली आहे, पान्यांचा चांगला संच आहे. हे काम घराच्या अंगणात करता येईल का, आणि फ्लायव्हील बदलणे खरोखर आवश्यक आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

काम घरी होऊ शकते. ट्रॅक्टरचा क्लच ज्याने हाताळला आहे, त्याला कारच्या क्लचमध्ये समजण्यास अवघड असे काही नाही. अडचण असते ती जागेची, गिअरबॉक्सच्या वजनाची आणि गाडीखाली सुरक्षित राहण्याची. फ्लायव्हीलबाबत मात्र गिअरबॉक्स खाली येण्यापूर्वी कोणीही ठामपणे सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या कामातले बहुतेक श्रम क्लचपर्यंत पोहोचण्यात जातात आणि खरा निर्णय त्यानंतर डोळ्यांनी पाहून व मोजून घ्यायचा असतो. खर्च वाचावा म्हणून खराब फ्लायव्हील तसेच ठेवणे आणि न पाहताच नवे विकत आणणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच चुकीच्या वाटतात.

प्रथम क्लचच घसरतो आहे याची खात्री करा. घसरण आधी वरच्या गिअरमध्ये जाणवते, याला कारण आहे. टर्बो डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला साधारण २,००० फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक असतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलकी वाटते, इंजिन भराभर फेऱ्या घेते आणि त्याच्या ताकदीचा काही भाग स्वतःच्या फिरत्या भागांना वेग देण्यातच खर्च होतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर ती सोय राहत नाही आणि जवळजवळ सगळा टॉर्क क्लच प्लेटवर येतो. म्हणून सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४५-५० किलोमीटर वेग धरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहा. फेऱ्या वेगाच्या आधी उसळल्या, तर क्लच घसरतो आहे. हॅण्डब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडण्याची चाचणी अनेकजण करतात. निरोगी क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडते. परंतु ती चाचणी एकदाच करावी. वारंवार केल्यास प्लेट आणि फ्लायव्हील दोन्ही तापतात आणि जे तपासायचे तेच बिघडते.

घसरण्याचे कारण प्रत्येक वेळी झिजलेली प्लेट असतेच असे नाही. क्लच केबलचा असेल तर पेडलला सुरुवातीचा मोकळा खेळ आहे का ते पाहा. तो उरला नसेल, तर पेडलने पुढे सरकणारे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर आवळून धरणाऱ्या भागाच्या) बोटांवर सतत दाब देत राहते, प्लेट पूर्ण आवळली जात नाही आणि चांगला क्लचही घसरतो. अशी गाडी केबलच्या नटाने ठीक झाल्याची उदाहरणे माझ्या कामात अनेक आहेत. क्लच हायड्रॉलिक असेल तर वरचा आणि खालचा सिलिंडर, त्यांच्या रबरी टोप्यांखालचा ओलावा आणि टाकीतील तेलाची पातळी पाहा. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर आधी इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते ते, तपासा, कारण फाटलेल्या रबराचा धक्का आणि क्लचचा धक्का चालकाला सारखाच वाटतो. पेडल दाबल्यावर सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. पेडल सोडलेले असताना येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगकडे बोट दाखवतो. ही नोंद आधी करून ठेवली, तर गिअरबॉक्स खाली असताना तेही काम लक्षात राहते.

आता फ्लायव्हीलचा प्रकार. साधे फ्लायव्हील म्हणजे बिडाची किंवा पोलादाची एकच जड चकती. दुसरा प्रकार ड्युअल मास फ्लायव्हीलचा, जो युरोपात १९८५ च्या सुमारास मालिका उत्पादनात आला आणि पुढे डिझेल गाड्यांत पसरला. त्यात दोन चकत्या असतात आणि त्यांच्यामधल्या कमानदार स्प्रिंगा इंजिनाचे हेलकावे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू देत नाहीत. साधे फ्लायव्हील योग्य स्थितीत असेल तर पुन्हा वापरता येते, घासून घेता येते. ड्युअल मास फ्लायव्हील हा मात्र झिजणारा सुटा भाग आहे. त्याच्या स्प्रिंगा आणि आतले ग्रीस संपले की ते दुरुस्त होत नाही. एकाच मॉडेलच्या दोन इंजिन-प्रकारांत वेगवेगळी फ्लायव्हील असू शकतात, म्हणून दुकानात केवळ गाडीचे नाव सांगू नका. चेसिस क्रमांक देऊन पार्ट नंबर काढून घ्या. तुमच्या गाडीत ड्युअल मास निघाले आणि इंजिन बंद करताना खालून खडखड येत असेल, तर गॅरेजवाल्याचा सल्ला बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. साधे निघाले, तर निर्णय उघडल्यावर घ्यायचा.

येथेच एक मर्यादाही सांगतो. क्लच पेडल नसलेल्या एएमटी गाडीत नवा क्लच बसवल्यावर संगणकाला त्याची नवी स्थिती स्कॅनरने शिकवावी लागते. काही नव्या गाड्यांत स्वतः जुळवून घेणारी प्रेशर प्लेट असते आणि ती खास साधनाने दाबूनच बसवावी लागते. काही गाड्यांत पुढचा सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालचा लोखंडी सांगाडा, पूर्ण खाली घेतल्याशिवाय गिअरबॉक्स निघत नाही. या तीनपैकी काहीही असेल तर काम घरी करू नये.

जागेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे प्रत्यक्ष धोका तिथे आहे. मराठवाड्यातील घरांची अंगणे एकतर काळ्या मातीची असतात किंवा शहाबादी फरशीची. काळी माती वरून टणक दिसली तरी आत ओल असेल तर स्टॅण्डचा पाय हळूहळू रुततो आणि एका बाजूचा स्टॅण्ड कलला की गाडी सरकते. शहाबादी फरशी खाली पोकळ बसलेली असेल तर एका बिंदूवर आलेल्या भाराने तडकते. स्टॅण्डखाली जाड लाकडी फळी किंवा किमान ६ मिमी जाडीची लोखंडी प्लेट ठेवा, म्हणजे भार पसरेल. शक्य असेल तर काँक्रीटचा ओटा, शेड किंवा ट्रॅक्टर उभा करण्याची पक्की जागा निवडा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने, क्षणभरासाठीही जाऊ नये. विटा रचून केलेला आधार त्याहून वाईट, कारण वीट आधी सूचना न देता फुटते. गाडी चार टनी स्टॅण्डवर घेतल्यानंतर तिला हाताने जोराने हलवून पाहा आणि मगच खाली जा. काढलेली चाके गाडीच्या दारांखालच्या पट्ट्यांखाली आडवी सरकवून ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी हे काम करू नका; घामेजलेल्या हातांतून जड वस्तू निसटतात आणि थकलेला माणूस घाई करतो.

चेन पुली ही तुमची मोठी सोय आहे, परंतु ती कशाला टांगली आहे ते महत्त्वाचे. गिअरबॉक्स सुटल्यावर इंजिनाची एक बाजू निराधार होते, तेव्हा तिला वरून किंवा खालून आधार लागतो. शेडच्या पातळ पाइपला किंवा झाडाच्या फांदीला पुली बांधू नका. विहिरीची मोटार काढताना वापरता ती मजबूत तिवई असेल, तर ती चालेल. नाहीतर बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या भक्कम कडांवर आडवा बार टाकून त्याला इंजिन साखळीने धरावे. खालून जॅक लावायचा झाल्यास तो ऑइलच्या चेंबरला थेट लावू नये, मध्ये रुंद लाकडी ठोकळा घालावा.

हत्यारांत टॉर्क पाना ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्याशिवाय मी हे काम सुरू करू देणार नाही. फ्लायव्हीलचे आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट अंदाजाने आवळायचे नसतात. टॉर्क पाना विकत घेणे जमत नसेल तर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा.

उतरवण्याचा क्रम गाडीगणिक बदलतो, म्हणून तो मी थोडक्यात देतो. तुमच्या मॉडेलचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवणे आवश्यकच आहे. चाके जमिनीवर असतानाच एक्सलचे मधले मोठे नट सैल करा. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. एअर फिल्टरचा डबा, बॅटरीचा ट्रे, गिअरच्या केबल, रिव्हर्स लाइटचा कपलर (वायरचा जोड) आणि सेल्फ (स्टार्टर मोटार) सोडवा. प्रत्येक कपलरचा काढण्याआधी फोटो घ्या. गिअर ऑइल आधीच काढून घ्या, नाहीतर एक्सल ओढताच ते अंगावर येते. एक्सल काढताना शाफ्टला धरून ओढू नका, त्याने आतला जॉइंट सुटतो. गिअरबॉक्सलगत टॉमीने (लहान पहारीने) उचकटा. हायड्रॉलिक क्लचचा खालचा सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधून ठेवला असेल तर घरातल्या कोणालाही पेडल दाबू देऊ नका, कारण पिस्टन बाहेर येतो. स्टिअरिंगवर तशी चिठ्ठी लावून ठेवलेली बरी.

अशा गाड्यांचा गिअरबॉक्स साधारण ३० ते ५० किलोचा असतो. शेवटचा बोल्ट निघाल्यावर तो सरळ मागे सरकला पाहिजे, खाली झुकता कामा नये. इनपुट शाफ्ट अजून क्लच प्लेटच्या आत असतो आणि गिअरबॉक्सचे वजन त्यावर लोंबकळले तर प्लेटचा मधला भाग वाकतो. जुनी प्लेट टाकायचीच आहे म्हणून उतरवताना याकडे दुर्लक्ष होते, आणि हीच सवय बसवताना राहिली की नवी प्लेट पहिल्याच दिवशी खराब होते. एकाने जॅकवर गिअरबॉक्सचा तोल सांभाळावा, दुसऱ्याने तो सरळ रेषेत मागे घ्यावा. दोघांनी एकमेकांना तोंडाने सांगितल्याशिवाय काहीही हलवू नये.

क्लच उघडा पडल्यावर आत काळी-करडी भुकटी दिसेल. ती फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या किंवा हलक्या दर्जाच्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांत गेले की निघत नाही. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून भुकटी ओली करा आणि फडक्याने टिपून घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा-एक आटा असे सैल करा. एकच बाजू पूर्ण सोडली तर प्रेशर प्लेटमधल्या डायाफ्राम स्प्रिंगचा ताण उरलेल्या बोल्टांवर तिरका येऊन प्लेट वाकते.

आता घाई न करता निकाल वाचा. प्लेटच्या रिव्हेटांची डोकी अस्तराच्या पृष्ठभागापासून किती खोल आहेत ते व्हर्नियरने मोजा, ०.३ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर प्लेट संपली. अस्तर जाड असूनही गाडी घसरत होती, तर ते चकाकते आहे का किंवा तेलकट आहे का ते पाहा. तेल असेल तर बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला जळका. पहिल्या परिस्थितीत गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील गेला आहे, दुसऱ्या परिस्थितीत क्रँकशाफ्टचा, म्हणजे फ्लायव्हील ज्यावर बसते त्या इंजिनाच्या मुख्य शाफ्टचा, मागचा सील. कारण न शोधता नवा क्लच बसवला तर काही महिन्यांत तोही भिजणार. डायाफ्रामच्या बोटांची टोके एका पातळीत आहेत का, आणि बेअरिंगने त्यांना खोल खाचा पाडल्या आहेत का, तेही पाहून घ्या. संच मात्र पूर्ण बदला: प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. बेअरिंग एकटे जुने ठेवून वाचणारी रक्कम गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या श्रमापुढे काहीच नाही. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी यांसारख्या कंपन्यांचे संच आपल्याकडे मिळतात. बिल आणि सीलबंद खोके घ्या, कारण या मालात नकली भाग पुष्कळ फिरतात.

मग फ्लायव्हील. ब्रेक क्लीनरने त्याचा चेहरा, म्हणजे प्लेट ज्यावर घासते ती बाजू, स्वच्छ करा आणि उजेडात, शक्यतो तिरप्या टॉर्चने पाहा. सगळीकडे सारखी करडी छटा आणि नखाला न लागणारे बारीक वर्तुळाकार ओरखडे असतील तर ते चांगल्या स्थितीत आहे. बारीक पॉलिश पेपरने चकाकी मोडून पुन्हा वापरता येते. केसासारख्या बारीक उथळ रेषा उष्णतेने पडतात आणि घासल्यावर बहुधा जातात. परंतु रेषा बोल्टांच्या छिद्रांपर्यंत किंवा बाहेरच्या कडेपर्यंत गेली असेल, तर ते फ्लायव्हील बाद समजावे. इंजिनाच्या फेऱ्यांत तुटलेली अशी चकती घंटेच्या आकाराच्या हाउसिंगलाच काय, गाडीच्या पत्र्यालाही जुमानत नाही. नंतर चेहऱ्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेजचे (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या संचाचे) पाते घाला, म्हणजे मध्यभागी किती घळ पडली आहे ते कळेल. डायल गेज मिळाला तर फ्लायव्हील इंजिनावर असतानाच एक फेरा देऊन त्याची डुलणी मोजा. बहुतेक गाड्यांत मर्यादा ०.१ ते ०.२ मिमीच्या दरम्यान असते.

निळसर-जांभळे ठिपके दिसले तर विचार करावा लागतो. वारंवार अर्ध्या क्लचवर तापून त्या ठिकाणी बिडाची रचनाच बदलते आणि तेवढा भाग सभोवतालपेक्षा कठीण होतो. हा कठीणपणा रंगापेक्षा खोल उतरलेला असतो. लेथवर चेहरा घेताना टर्नरचे हत्यार त्या ठिपक्यावरून किंचित उडी मारते, आणि नंतर वापरात भोवतालचा मऊ भाग झिजला की ठिपके पुन्हा उंचावतात व गाडी जागेवरून निघताना थरथरते. म्हणून फ्लायव्हील घासायचे असेल तर साध्या लेथऐवजी सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावे. प्रत्येक गावच्या मोंढ्याच्या आसपास ट्रॅक्टर आणि थ्रेशरची कामे करणारे लेथवाले असतात आणि ते आपल्या कामात कुशल असतात, परंतु ग्राइंडर सर्वांकडे नसतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतील लहान कार्यशाळांमध्ये असे काम होते. तेवढ्यासाठी एक फेरी घालणे योग्य ठरते. ठिपके मोठे, खोल आणि सगळीकडे पसरलेले असतील तर मी नवे फ्लायव्हीलच बसवतो.

घासायला देताना एक गोष्ट कागदावर लिहून द्या. काही फ्लायव्हीलमध्ये प्लेट बसते तो चेहरा आणि प्रेशर प्लेट आवळली जाते ती कडा वेगवेगळ्या उंचीवर असतात. चेहऱ्यावरून जेवढे घेतले तेवढेच कडेवरूनही घेतले नाही, तर त्या दोहोंतील अंतर वाढते, प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि अगदी नवा संचही घसरतो. एकूण किती घेता येईल याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. ती सापडली नाही तर ठिपके निघण्यापुरतेच, तेही अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहून घ्यावे. रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेवरील ज्या दातांना सेल्फ फिरवतो त्या रिंगचे, दातही फिरवून पाहा. इंजिन बहुधा ठरावीक जागीच थांबते, त्यामुळे सेल्फ तिथेच दात खातो आणि उरलेली रिंग चांगली दिसते.

ड्युअल मास फ्लायव्हील घासायचे नसते. त्याची बाहेरची चकती हाताने दोन्ही दिशांना फिरवून स्प्रिंगचा प्रतिकार लागेपर्यंतचा मोकळा खेळ आणि पुढे-मागे होणारी डुलणी पाहा व उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. ग्रीस बाहेर आले असेल, स्प्रिंग मोडल्यासारखी चकती मोकळीच फिरत असेल किंवा चेहरा निळा पडला असेल, तर बदलणे हाच मार्ग. त्याऐवजी साधे फ्लायव्हील बसवण्याचा स्वस्त सल्ला तुम्हाला मिळेल. मूळ रचनेत जे हेलकावे स्प्रिंगा गिळत होत्या, ते मग गिअरबॉक्सच्या दातांवर आणि क्रँकशाफ्टवर जातात. उत्पादकाने त्याच इंजिनासाठी तसा संच मान्य केलेला असल्याशिवाय मी तो बसवत नाही.

फ्लायव्हील काढण्यापूर्वी त्यावर आणि क्रँकशाफ्टवर खूण करा. अनेक गाड्यांत बोल्टांची छिद्रे मुद्दाम असमान अंतरावर असतात किंवा डॉवेल पिन (जागा पक्की करणारी खुंटी) असते. काहींत क्रँकच्या सेन्सरला लागणाऱ्या खाचा फ्लायव्हीलवरच असतात, त्यामुळे ते चुकीच्या जागी बसणे परवडत नाही. काढताना चकती फिरू नये म्हणून रिंग गिअरच्या दातांत बसणारे लॉक वापरा. ती अनपेक्षित जड असते. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी एकाने दोन्ही हातांनी ती धरलेली असावी. या बोल्टांपैकी बरेच आवळताना किंचित ताणले जाणारे असतात आणि ते पुन्हा वापरत नाहीत, नवे घ्या. काही गाड्यांत बोल्टांची छिद्रे थेट इंजिनाच्या आत उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लावले नाही तर तेल हळूहळू क्लचवर येते. क्रँकशाफ्टचा मागचा सील याच वेळी बदला, तो जुना असूनही कोरडा दिसत असला तरी. नवे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमधील टॉर्क आणि दिला असल्यास अंश मोजून आवळा. हा आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असल्याने मी येथे देत नाही.

बसवताना हात स्वच्छ असू द्या. फ्लायव्हीलचा चेहरा आणि नव्या प्रेशर प्लेटवरील गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. रॉकेल किंवा डिझेलने पुसू नका, त्यांचा तेलकट थर मागे राहतो. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू बहुधा लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर साधारणपणे स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसलेली प्लेट नट आवळेपर्यंत लक्षात येत नाही, नंतर क्लच सुटतच नाही. प्लेट मध्यभागी धरण्यासाठी अलाइनमेंटची दांडी वापरा आणि मग प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे करत आवळा. ८ मिमीच्या बोल्टांना बहुतेक ठिकाणी २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, तरी मॅन्युअलचा आकडाच अंतिम माना. इनपुट शाफ्टच्या खाचांना उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पुसट थर द्या आणि नवी प्लेट शाफ्टवर एकदा सरकवून जास्तीचे पुसून टाका. सढळ हाताने लावलेले ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते. संचासोबत ग्रीस लावू नये अशी सूचना आली असेल तर ती पाळा. रिलीज फोर्कचे टेकण्याचे बिंदू झिजलेले नाहीत ना, तेही बघा.

गिअरबॉक्स परत चढवताना सर्वात कठीण असतो तो शेवटचा सेंटिमीटर. शाफ्ट खाचांत शिरतो, हाउसिंग इंजिनाच्या जवळ येते आणि बोटभर अंतर राखून अडते. अशा वेळी लांब बोल्ट घालून ते आवळत गिअरबॉक्स ओढून घेण्याचा मोह होतो. तसे करू नका. हाउसिंग ॲल्युमिनियमचे असते, त्याचा कान तुटतो किंवा प्लेटचा मधला भाग चेपतो. अडण्याची कारणे तीनच असतात: दोन्ही चेहरे समांतर नाहीत, खाचा जुळलेल्या नाहीत, किंवा प्लेट मध्यभागी नाही. इंजिन आणि हाउसिंग यांच्यातील फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंनी बोटाने चाचपून सारखी आहे का पाहा; जॅक थोडा वर-खाली करा. गिअर टाकून एक्सलच्या जागेतून शाफ्ट किंचित फिरवा. सगळे जुळले की गिअरबॉक्स हाताच्या दाबाने सरकतो आणि डॉवेल पिनांवर बसल्याचा खट्ट असा आवाज येतो. तो ऐकू आल्यावरच बोल्ट लावा.

पुढची जुळणी उलट क्रमाने होते. एक्सलचे सील नवे घाला. मध्ये खोच मारून पक्के करण्याच्या प्रकारचे एक्सल नट असतील तर तेही नवे. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशांचे बोल्ट सोडवले असतील तर ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते व लवकर फाटते. गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचेच भरा आणि जुने ऑइल जमिनीवर किंवा विहिरीजवळ न ओतता डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. हायड्रॉलिक क्लच असेल तर हवा काढा. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच तेल वापरा आणि ते रंगावर सांडू देऊ नका.

इंजिन सुरू करण्याआधी पेडल अनेकदा दाबून पाहा. सुरू झाल्यावर चाके अजून वर असतानाच क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका; गिअर खरखर न करता गेला तर प्लेट नीट सुटते आहे. नंतरचे ५०० ते ८०० किलोमीटर अस्तर आणि फ्लायव्हीलचा चेहरा एकमेकांवर बसत असतात. या काळात गाडी भरून घाटात नेऊ नका, ट्रॉली किंवा दुसरी गाडी ओढू नका, गावातल्या आणि सपाट रस्त्यावरच चालवा. चढावर गाडी थांबली तर ती अर्ध्या क्लचवर तोलून न धरता हॅण्डब्रेक वापरा. तुमच्या जुन्या फ्लायव्हीलवर निळे ठिपके निघाले असतील तर ते बहुधा याच सवयीचे आहेत. साधारण २०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा स्टॅण्डवर घेऊन हाउसिंगच्या खालच्या छिद्राशी आणि एक्सलच्या मुळाशी ओल आहे का ते पाहा, एक्सलचे नट व फाउंडेशनचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा आणि केबलचा क्लच असेल तर पेडलचा मोकळा खेळ पुन्हा जुळवून घ्या, कारण नवी प्लेट बसताना तो थोडा बदलतो.